बफर द्रावण: हिशेब कसा मांडावा, द्रावण कसे करावे आणि कसे तपासावे

पाण्याची कठीणता काढण्याच्या प्रात्यक्षिकात अमोनियाच्या उग्र वासाची बाटली नाक दाबून उचलायची, शंकुपात्रात २ मिली ओतायचे आणि बूच घट्ट लावून बाटली पुढच्याकडे सरकवायची, एवढाच आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा बफरशी संबंध येतो. परीक्षेत व्याख्या विचारली की ‘थोडे आम्ल किंवा आम्लारी मिसळूनही ज्याचा सामू फारसा बदलत नाही ते द्रावण’ हे वाक्य न अडखळता येते. पण ‘थोडे’ म्हणजे किती आणि ‘फारसा’ म्हणजे किती असे विचारले की वर्गात शांतता पसरते. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे बफर करून ठेवण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे ही शांतता माझ्या चांगल्या ओळखीची आहे. या दोन शब्दांच्या जागी आकडे बसवता यावेत, आणि ते आकडे घेऊन स्वतःच्या हाताने एक बफर करून त्याची परीक्षा घेता यावी, यासाठी हा लेख आहे.

आधी शब्दांचे ठरवून घेऊ. प्रयोगशाळेत सगळे ज्याला पीएच म्हणतात त्यालाच माती परीक्षणाच्या अहवालात सामू म्हटलेले असते, आणि शेतकऱ्यांच्याही तोंडी तोच शब्द आहे, म्हणून मीही तोच वापरतो. ही मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना मांडली. तिची खोच एवढीच की ती लॉगची पट्टी आहे: सामू १ ने उतरला याचा अर्थ द्रावणातले मोकळे हायड्रोजन आयन दसपट झाले, २ ने उतरला तर शंभरपट. म्हणून ‘सामू ७ वरून ५ वर आला, म्हणजे दोनानेच तर कमी झाला’ असे बोलणे फसवे असते.

गल्ल्यातली चिल्लर आणि तिजोरीतली रक्कम

बफर समजण्यासाठी एकच गोष्ट नीट पाहावी लागते, आणि ती म्हणजे मोकळे हायड्रोजन आयन आणि बांधलेले हायड्रोजन आयन यांच्या प्रमाणातली प्रचंड तफावत. सामू ५ असलेले १०० मिली ॲसिटेट बफर समोर ठेवले आहे असे समजा. सामू ५ याचा अर्थ एका लिटरमध्ये ०.००००१ मोल मोकळे हायड्रोजन आयन (मोल हे कणांची संख्या मोजायचे माप, मिलिमोल त्याचा हजारावा भाग). म्हणजे आपल्या १०० मिलीमध्ये ते केवळ ०.००१ मिलिमोल भरतील. त्याच १०० मिलीमध्ये, बफर ०.१ मोलार, म्हणजे लिटरला एकूण ०.१ मोल, असेल तर, ॲसेटिक आम्लाच्या रेणूंत बांधलेले हायड्रोजन आयन सुमारे ३.६५ मिलिमोल असतात, आणि आलेला हायड्रोजन आयन पकडायला मोकळ्या हाताने उभे असलेले ॲसिटेट आयन सुमारे ६.३५ मिलिमोल. गुजरीतल्या सराफाच्या पेढीवर गल्ल्यात चार नाणी खुळखुळावीत आणि मागच्या खोलीत तिजोरी भरलेली असावी, तशी ही स्थिती आहे. सामूमापक फक्त गल्ल्यातली नाणी मोजतो. तिजोरीत काय आहे ते त्याला दिसत नाही.

आता बाहेरून १ मिलिमोल हायड्रोक्लोरिक आम्ल आले. गल्ल्यातल्या चिल्लरीच्या हजारपट ही रक्कम आहे. साध्या पाण्यात ती सगळीच्या सगळी गल्ल्यात पडली असती आणि सामू २ वर कोसळला असता. इथे मात्र ॲसिटेट आयन ती जवळपास पूर्ण उचलतात आणि त्यांचे ॲसेटिक आम्ल होते: ६.३५ चे ५.३५ होतात, ३.६५ चे ४.६५ होतात. उलट बाजूने सोडियम हायड्रॉक्साइड आले, तर ॲसेटिक आम्ल आपला हायड्रोजन सोडून हायड्रॉक्साइड आयनाचे पाणी करून टाकते. दोन्ही वेळा तिजोरीतली रक्कम या कप्प्यातून त्या कप्प्यात गेली आणि गल्ला जवळपास तसाच राहिला.

यासाठी आम्ल सौम्यच का लागते, हा पुढचा प्रश्न. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पूर्ण विघटित होते. त्याला तिजोरीच नाही, सगळे पैसे गल्ल्यात. आणि क्लोराइड आयनाला हायड्रोजन आयनाची ओढ नसल्यामुळे तो बाहेरून आलेल्याला पकडतही नाही. बफरला देणारा आणि घेणारा अशी जोडी लागते, आणि ती एकाच घरातली लागते: ॲसेटिक आम्ल आणि ॲसिटेट, अमोनियम आणि अमोनिया, डायहायड्रोजन फॉस्फेट आणि हायड्रोजन फॉस्फेट. एकटे ०.१ मोलार ॲसेटिक आम्ल सामू २.९ च्या आसपास असते आणि एकटे ०.१ मोलार सोडियम ॲसिटेट ८.९ च्या आसपास. पहिल्याकडे देण्यासाठी भरपूर आहे पण घेणारे हात तुटपुंजे, दुसऱ्याचे नेमके उलट. दोन्ही समप्रमाणात एकत्र आले की सामू ४.७६ च्या जवळ स्थिरावतो. हा ४.७६ म्हणजेच ॲसेटिक आम्लाचा पीकेए.

सूत्र, आणि त्यातला कोणता भाग महत्त्वाचा

हेंडरसन यांनी १९०८ मध्ये या समतोलाचा हिशेब मांडला आणि हॅसेलबाल्ख यांनी १९१६ मध्ये त्याला लॉगचे रूप दिले. आज तो असा लिहितात:

सामू = पीकेए + लॉग (आम्लारीचे मोल ÷ आम्लाचे मोल)

पाठ्यपुस्तकात कंसात संहती, म्हणजे दर लिटरमागचे मोल, असते. मी मुद्दाम मोल लिहिले आहेत. दोन्ही घटक एकाच द्रावणात असल्याने आकारमान वर-खाली कटते, आणि मोल मोजण्याची सवय लागली की आम्ल मिसळल्यानंतरचा हिशेब साध्या वजाबाकी-बेरजेवर येतो. या सूत्रात दोन स्वतंत्र गोष्टी दडलेल्या आहेत, आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो. सामू किती असेल ते गुणोत्तर ठरवते. तो किती मार सोसेल ते एकूण मोल ठरवतात. बफरमध्ये दुप्पट पाणी घातले तर गुणोत्तर तेच राहते, म्हणून सामू जवळपास हलत नाही, पण दर मिलीमागची ताकद मात्र उतरते. ‘सामू तर बरोबर दाखवतोय’ म्हणून पातळ केलेले बफर वापरणाऱ्याचा प्रयोग इथेच बिघडतो.

प्रत्यक्ष करायला घेऊ: सामू ५.०, ०.१ मोलार, ५०० मिली

पहिली पायरी जोडी निवडण्याची. हव्या असलेल्या सामूच्या एक अंक अलीकडे-पलीकडे ज्याचा पीकेए असेल ते आम्ल घ्यावे, आणि जितके जवळ मिळेल तितके चांगले. सामू ५ साठी ४.७६ पीकेए असलेले ॲसेटिक आम्ल उत्तम. सामू ७ च्या आसपास फॉस्फेट, कारण फॉस्फरिक आम्लाचा दुसरा पीकेए ७.२० आहे, ९ ते १० च्या पट्ट्यात अमोनियम, ज्याचा पीकेए ९.२५. एका अंकाची मर्यादा कुठून आली? तेवढे अंतर पडले की गुणोत्तर १० ला १ होते, म्हणजे एका कप्प्यात अकराव्या हिश्शाएवढेच उरते आणि त्या बाजूचा मार द्रावणाला सोसवत नाही.

दुसरी पायरी गुणोत्तराची. ५.०० मधून ४.७६ वजा केले की ०.२४ उरतात, १० चा ०.२४ वा घात १.७४. म्हणजे १ मोल आम्लामागे १.७४ मोल ॲसिटेट हवे.

तिसरी पायरी एकूण मोलांची वाटणी करण्याची. ५०० मिली द्रावण ०.१ मोलार हवे, म्हणजे दोन्ही मिळून ०.०५ मोल. त्यांची १.७४ ला १ या प्रमाणात वाटणी केली की ॲसिटेट ०.०३१७ मोल आणि आम्ल ०.०१८३ मोल येते. बेरीज पुन्हा ०.०५ येते की नाही हे इथेच पाहून घ्यावे.

चौथी पायरी वजनाची, आणि इथे मला थांबायचे आहे. सोडियम ॲसिटेट बाजारात दोन रूपांत मिळते: पाण्याचे तीन रेणू धरून असलेले ट्रायहायड्रेट, ज्याचे मोलर वस्तुमान १३६.०८ आहे, आणि निर्जल, ज्याचे ८२.०३. आपल्या ०.०३१७ मोलांसाठी ट्रायहायड्रेट ४.३२ ग्रॅम लागते आणि निर्जल २.६० ग्रॅम. एका वर्षी ट्रायहायड्रेट संपले, कपाटातून निर्जलची बाटली निघाली आणि मी वहीतला जुना आकडा पाहून ४.३२ ग्रॅमच तोलले. ॲसिटेट ०.०५२७ मोल झाले, गुणोत्तर २.८८ वर गेले आणि हिशेबाने सामू ५.२२ झाला. मीटरवर तफावत दिसल्यावर मी अर्धा तास इलेक्ट्रोडला दोष देत बसलो. बाटलीवरची चिठ्ठी वाचायला अर्धे मिनिट लागले असते. तेव्हापासून वहीत वजनाच्या शेजारी मोलर वस्तुमान लिहिल्याशिवाय मी तराजूला हात लावत नाही.

आम्लाच्या बाजूला ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड सुमारे १७.४ मोलार असते, म्हणून ०.०१८३ मोलांसाठी ते १.०५ मिली लागते. एवढे थोडे आकारमान साध्या पिपेटने नेमके घेणे अवघड आहे. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मला दुसरी वाट सोयीची वाटते: ग्लेशियल आम्लाचे ५.७५ मिली भरपूर पाण्यात घालून १ लिटर करावे, म्हणजे ०.१ मोलार आम्ल तयार, ट्रायहायड्रेट १३.६१ ग्रॅम विरघळवून १ लिटर करावे, म्हणजे ०.१ मोलार ॲसिटेट तयार. मग ॲसिटेटचे ३१७ मिली आणि आम्लाचे १८३ मिली मिसळले की आपले ५०० मिली झाले. या दोन साठ्यांतून दुसऱ्या दिवशी सामू ४.५ चे बफर हवे झाले तर फक्त प्रमाण बदलायचे. ग्लेशियल आम्ल कातडीला भाजते आणि त्याची वाफ घशात बसते. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि आम्लच पाण्यात घालून काम करावे.

तिसरी वाट संशोधन करणाऱ्यांच्या हातची: आम्ल पूर्ण ०.०५ मोल, म्हणजे २.८७ मिली, घेऊन ४०० मिली पाण्यात मिसळावे, इलेक्ट्रोड आत सोडावा आणि सामू ५.० दिसेपर्यंत ढवळत ढवळत सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. ॲसिटेट तिथल्या तिथे तयार होते. शेवटी ५०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरावे. खुणेपर्यंत आधीच भरून मग सामू जुळवायला बसण्याची चूक दर बॅचमधले दोघे-तिघे तरी करतात. मग द्रावण ५१० मिली होते आणि संहती हातची जाते.

मीटर खरे बोलतो का?

कोणताही आकडा वाचण्याआधी सामूमापकाचे अंशांकन करावे लागते, म्हणजे सामू माहीत असलेल्या द्रावणांवर तो जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी ४.०, ७.० आणि ९.२ च्या बफर कॅप्सूल मिळतात. एक कॅप्सूल १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची. आधी ७.० वर, मग आपल्याला ज्या बाजूला मोजायचे आहे त्या बाजूच्या बफरवर मीटर जुळवावा. सामू ५ साठी ४.०, कठीणतेच्या बफरसाठी ९.२. दोन द्रावणांच्या मध्ये इलेक्ट्रोड वॉश बॉटलने धुवावा आणि टिश्यू पेपरने टिपून घ्यावा. पुसू नये, घासल्याने काचेच्या फुग्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि आकडा तरंगत राहतो. काम संपल्यावर इलेक्ट्रोड ३ मोलार पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवावा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही.

अंशांकन करून आपले ताजे बफर मोजले की ५.०० ऐवजी ४.९ च्या आसपास आकडा दिसेल, आणि विद्यार्थी हिरमुसतो. चूक त्याची नसते. सूत्रातला पीकेए अतिविरल द्रावणासाठीचा असतो. खऱ्या द्रावणात आयनांची गर्दी झाली की ते एकमेकांवर परिणाम करतात आणि प्रत्यक्षातला पीकेए थोडा सरकतो. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटात असतो. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट दोन्ही ०.०२५ मोल घेतलेले प्रमाण बफर आहे. गुणोत्तर १, लॉग शून्य, म्हणजे सूत्राप्रमाणे सामू ७.२० यायला हवा. त्या बफरचा सर्वमान्य सामू २५ अंश सेल्सिअसला ६.८६ आहे. हायड्रोजन फॉस्फेटवर दोन ऋणभार असल्याने फॉस्फेटमध्ये ही सरक मोठी, ॲसिटेटमध्ये लहान. म्हणून सूत्राने जवळ जायचे आणि शेवटचे पाऊल मीटर पाहून, सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांनी टाकायचे, ही रीत.

तापमानाचेही तसेच. ॲसिटेट आणि फॉस्फेट तापमानाला फारसे जुमानत नाहीत, पण जीवशास्त्राच्या मंडळींचे लाडके ट्रिस बफर दर अंशाला सुमारे ०.०२८ ने हलते. २५ अंशाला सामू ८.० करून ठेवलेले ट्रिस ४ अंशाच्या फ्रिजमध्ये ८.६ च्या जवळ पोहोचते. ज्या तापमानाला वापरायचे त्याच तापमानाला ते जुळवावे.

बफरला मोडेपर्यंत मारा

व्याख्येतल्या ‘थोडे’ला आकडा देणारा प्रयोग हाच. आपल्या बफरचे १०० मिली एका बीकरमध्ये आणि १०० मिली डिस्टिल्ड वॉटर दुसऱ्यात घ्यावे. ब्युरेटमध्ये १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल भरावे आणि एकेक मिली सोडत, ढवळत, आकडा लिहीत जावे. पाण्याच्या बीकरमध्ये पहिल्याच मिलीला सामू २.० वर येतो आणि खेळ संपतो. बफरच्या बीकरमध्ये हिशेबाने येणारे आकडे असे: सुरुवातीला ५.००, १ मिलीनंतर ४.८२, २ नंतर ४.६५, ३ नंतर ४.४६, ४ नंतर ४.२५, ५ नंतर ३.९५, ६ नंतर ३.३२; आणि ७ नंतर २.२.

ही रांग सावकाश वाचावी. पहिल्या तीन मिलींना द्रावण सतराअठरा शतांशांनी हलते आहे, पाचव्याला तीस शतांशांनी, सहाव्याला साठाहून जास्त, आणि सातव्याला एका फटक्यात अंकाहून अधिक. ॲसिटेट ६.३५ मिलिमोल होते. सहा खर्ची पडले आणि सातव्याला तिजोरी रिकामी होती. मीटरवरचा आकडा चार मिलीपर्यंत ‘सगळे ठीक आहे’ असेच सांगत होता, जरी तोवर जवळपास दोन तृतीयांश साठा संपलेला होता. बफर सामू धरून ठेवते हे म्हणणे म्हणूनच अर्धवट आहे; ते साठा खर्च करून सामू सावकाश सोडते.

या टिकण्याला व्हॅन स्लाइक यांनी १९२२ मध्ये बफर क्षमता असे माप दिले: सामू एका एककाने बदलायला दर लिटरमागे किती मोल तीव्र आम्ल किंवा आम्लारी लागते, हे त्या बिंदूपाशी काढायचे. सामू आणि पीकेए समान असताना ही क्षमता सर्वाधिक, एकूण संहतीच्या ०.५८ पट इतकी, असते. आपल्या बफरची क्षमता सामू ५.० ला ०.०५३ येते. १०० मिलीमध्ये १ मिलिमोल म्हणजे दर लिटरला ०.०१ मोल, ०.०१ ला ०.०५३ ने भागले तर ०.१९. वरच्या रांगेतला पहिला उतार ०.१८ होता. दोन वाटांनी आलेले आकडे असे जुळले की हिशेबावर विश्वास बसतो.

दूध, उसाचा रस, माती आणि रक्त

हा प्रयोग दुधावर केला तर कोल्हापूरकराला तो अधिक पटेल. धारोष्ण म्हशीचे दूध कट्ट्यावर उभ्याने पिणाऱ्या गावाला त्याची रासायनिक बाजूही ठाऊक असावी. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८, म्हणजे जवळपास उदासीन. तरीही डेअरीत त्याची ‘ॲसिडिटी’ काढली तर ती ०.१३ ते ०.१५ टक्के लॅक्टिक आम्ल अशी लिहिली जाते, आणि दूध आंबलेलेच नसताना आम्ल आले कुठून हा प्रश्न पडतो. १० मिली ताजे दूध घ्या, आम्लारीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे चार थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल (इथे ०.१ मोलारच) सोडियम हायड्रॉक्साइड सोडायला लागा. १० मिली पाण्याला पहिल्या थेंबालाच गुलाबी रंग चढतो. दुधात मात्र थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो, ढवळले की विरून जातो, पुन्हा उमटतो, पुन्हा विरतो. आणि सुमारे दीड मिली गेल्यावर कुठे सगळ्या दुधावर फिकट गुलाबी झाक टिकते. ते दीड मिली खाल्ले केसीन प्रथिनाने, फॉस्फेटने आणि सायट्रेटने. डेअरीतला तो आकडा ताज्या दुधाच्या बाबतीत आम्लाचा नसून बफरचा असतो. त्यावर जी वाढ होते ती आंबण्याची. विरजण लावल्यावर जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करत राहतात आणि तरी दूध बराच वेळ दूधच दिसते, तेही याच साठ्यामुळे, सामू ४.६ पर्यंत उतरल्यावर केसीन आपला विद्युतभार गमावून जमते आणि दही लागते.

गुऱ्हाळावर हीच गोष्ट चुन्याच्या रूपाने भेटते. उसाच्या रसाचा सामू सव्वापाच-साडेपाचच्या आसपास असतो, आणि त्यात ॲकोनिटिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले व फॉस्फेट असल्यामुळे तो स्वतःच एक बफर आहे. काहिलीत चुना पडला की आधी ही आम्ले तो पचवतात, मग सामू वर चढतो. जमीन, खत, उसाची जात आणि तोडणीनंतर गेलेला वेळ यांनुसार रसातला साठा बदलतो, म्हणून दोन फडांतल्या रसाचा सामू सारखा असूनही चुना सारखा लागत नाही. मळीचा रंग आणि उकळीची चाल पाहून हात आखडता घेणारा गुळव्या ही क्षमता डोळ्यांनी मोजत असतो. साठा संपल्यावर पडलेला थोडासा जास्तीचा चुनाही सामूला झपकन वर नेतो, आणि गूळ काळपट येतो.

मातीचेही तसेच. गगनबावडा-राधानगरीकडची तांबडी आम्लधर्मी जमीन आणि शिरोळकडची काळी जमीन यांच्या अहवालात सामूचे आकडे वेगवेगळे असतातच. पण एकच सामू असलेल्या दोन जमिनींनाही चुन्याची मात्रा वेगळी लागू शकते, कारण चिकणमाती आणि ह्यूमस जितके अधिक तितकी तिजोरी मोठी. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून मोजलेला सामू गल्ल्यातलीच नाणी सांगतो. चुन्याची गरज काढताना माती मुद्दाम एका ठरलेल्या बफरमध्ये ढवळून त्या बफरचा सामू किती उतरला ते पाहतात, ते यासाठीच.

रक्ताचे उदाहरण मात्र नियमाला वळसा घालते. त्याचा सामू ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतो, आणि प्रमुख जोडी आहे बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, जिचा शरीराच्या तापमानाला पीकेए ६.१ धरतात. बायकार्बोनेट लिटरला २४ मिलिमोल, कार्बन डायऑक्साइड १.२, गुणोत्तर २० ला १, लॉग १.३०, बेरीज ७.४०. एका अंकाची मर्यादा इथे ओलांडली आहे, आणि बंद बाटलीत हे बफर एका बाजूला कुचकामी ठरले असते. पण इथे बाटली बंद नाही. वाढलेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे बाहेर टाकतात आणि बायकार्बोनेटची भर मूत्रपिंडे घालतात.

पुन्हा त्या नाक दाबायला लावणाऱ्या बाटलीकडे

कठीणतेच्या प्रात्यक्षिकातले सामू १० चे बफर आता हिशेबात बसवता येईल. प्रचलित प्रमाण असे: अमोनियम क्लोराइड ६७.५ ग्रॅम, तीव्र अमोनिया ५७० मिली आणि पाणी घालून एकूण १ लिटर. अमोनियम क्लोराइडचे मोलर वस्तुमान ५३.४९, म्हणून ते १.२६ मोल, तीव्र अमोनिया सुमारे १४.८ मोलार, म्हणून ८.४ मोल. गुणोत्तर ६.७, लॉग ०.८२, आणि ९.२५ मध्ये मिळवले की १०.०७. या प्रात्यक्षिकात ब्युरेटमधून सोडायचे ईडीटीए पाणी कठीण करणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडताना स्वतःचे हायड्रोजन आयन सोडत जाते. ते उचलणारे कोणी नसेल तर सामू उतरतो, पकड सैल होते आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा वाइनसारखा लाल रंग निळा होण्याऐवजी मधल्याच जांभळ्यात रेंगाळतो. बोअरच्या पाण्यावर प्रयोग करताना शेवटचा बिंदू असा चिकटू लागला, तर बहुधा बफर कमी पडले आहे किंवा त्यातला अमोनिया उडून गेला आहे.

अमोनिया उडतो म्हणून हे बफर फ्यूम हूडखाली करावे, घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवावे आणि एका वेळी महिन्याभरात संपेल एवढेच करावे. वास मंदावलेली बाटली मीटरवर तपासल्याशिवाय वापरू नये. ॲसिटेट आणि फॉस्फेटला वास सांगायला येत नाही, त्यांच्यावर बुरशी चढते: पावसाळ्यात बाटली उजेडात धरून हलकेच हलवली की तळाशी करडे धागे तरंगताना दिसतात, आणि तशी बाटली गाळून वाचवण्याच्या फंदात न पडता ओतून द्यावी. अंशांकनासाठी वापरलेले बफर मूळ बाटलीत परत ओतू नये. बाटलीवर घटक, संहती, मोजलेला सामू, मोजतानाचे तापमान, तारीख आणि करणाऱ्याची सही लिहावी. पेन्सिलने लिहावी, कारण शाईची अक्षरे अमोनियाच्या एका ओघळाबरोबर पुसली जातात.